नव्या यंत्राला कालचा दिवस नसतो

बंद पडलेला संगणक घेऊन कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला, की काउंटरपलीकडून आधी प्रश्न येतो, ‘कालपर्यंत चालत होता ना?’ आणि पाठोपाठ, ‘मग मध्ये काय केलंत?’ या दोन प्रश्नांत त्याचं निम्मं काम होऊन जातं. नवी रॅम घातली, वीज कडाडली, घर बदलताना टेम्पोत आदळला, भाच्याने काहीतरी ‘इन्स्टॉल’ केलं. जो बदल झाला असेल तिथून शोध सुरू करायचा.

हे पुस्तक ज्या संगणकाविषयी आहे त्याला कालचा दिवसच नाही. मदरबोर्ड एका कारखान्यातला, प्रोसेसर दुसऱ्या, रॅम तिसऱ्या, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा आणखी कुठला; ही मंडळी तुमच्या टेबलावर आज पहिल्यांदा एकमेकांना भेटली आहेत. सुटेपणी प्रत्येकाची तपासणी झालीही असेल, पण या सगळ्यांनी मिळून एक सेकंदभर काम केल्याचा पुरावा जगात कुठेही नाही. बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला, तर ‘काय बिघडलं?’ असं विचारण्यात फारसा अर्थ नसतो, कारण बिघडण्यासाठी आधी चालावं लागतं. विचारायचं ते असं : यातलं काय चालतंय हे मला नक्की ठाऊक आहे? पहिल्या दिवशी त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं असतं.

नव्या जोडणीतला दोष शोधण्याचं सगळं तंत्र या एका अडचणीतून निघालं आहे असं मला वाटतं. जो ‘काल’ नाही तो हाताने तयार करावा लागतो. कमीत कमी भाग जोडून कुठेतरी एक चालती अवस्था गाठायची आणि मग तिच्यात एकेक भर घालत जायचं. चालती अवस्था हाती नसताना चार गोष्टी एकदम बदलून पाहणारा माणूस साप साप म्हणून भुई धोपटत असतो.

पूर्वी ही अडचण गिऱ्हाइकापर्यंत पोचत नसे. असेंबल्ड पीसी म्हणजे दुकानदाराने जोडलेला, विंडोज घालून, चालवून दाखवून बिलासकट हातात दिलेला डबा. जोडताना डिस्प्ले आला नाही, तर तो मागे वळून फळीवरचा दुसरा बोर्ड उचलायचा. ‘बदलून बघू’ ही त्याची पद्धत, आणि ती उत्तमच आहे. अट एवढीच, की पाठीमागे फळी हवी. आता भाग निरनिराळ्या ठिकाणांहून कुरिअरने घरी येतात आणि इंजिनियरिंगचा विद्यार्थी, व्हिडिओ एडिटर किंवा गेम खेळणारी कॉलेजातली मुलगी व्हिडिओ बघत बघत स्वतः पेचकस हातात घेते. व्हिडिओतला संगणक पहिल्या फटक्यात सुरू होतो आणि व्हिडिओ संपतो. इथे मात्र घरात प्रत्येक वस्तू एकच असते. बदलून बघायला दुसरं काही नाही, म्हणून विचार करून बघावं लागतं.

त्यासाठी बटण दाबल्यावर आत काय घडतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. भिंतीवरचा स्विच चालू केल्याबरोबर एसएमपीएस पुरता जागा होत नाही. तो बोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा देत राहतो. संगणक ‘बंद’ असतानाही बोर्डावरचा एखादा दिवा लागलेला दिसतो तो याच्या जोरावर. कॅबिनेटचं बटण म्हणजे दोन पिना क्षणभर जोडणारा साधा खटका. तो दाबला, की बोर्ड एसएमपीएसला इशारा देतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात, आणि ते स्थिरावले, की एसएमपीएस बोर्डाला उलट निरोप धाडतो : वीज ठीक आहे. अर्ध्या सेकंदाच्या आतलं हे काम. तोवर प्रोसेसर थोपवून धरलेला असतो. निरोप आला, की तो मोकळा होतो, बोर्डावरच्या चिपमधला बायोस वाचू लागतो, रॅम शोधतो, तिच्याशी वेग जुळवतो, मग ग्राफिक्सकडे वळतो, मग डिस्ककडे. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटतं ते या साखळीच्या जवळजवळ शेवटी.

आता सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार घ्या : ‘पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं बरंच काही कळलं. पंखा फिरला म्हणजे १२ व्होल्ट आले, एवढंच त्यातून सिद्ध होतं. प्रोसेसरने एक तरी आज्ञा पाळली का, हे पंख्याला ठाऊक नसतं. प्रोसेसरला वीज न मिळताही पंखे गरागरा फिरू शकतात, कारण त्याची केबल वेगळी असते. पेंटियम ४च्या सुमारास, २००० साली, प्रोसेसरची भूक इतकी वाढली, की मुख्य जोडणीतून येणारी वीज पुरेना. तेव्हापासून १२ व्होल्टची स्वतंत्र केबल आली. तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते, कूलर बसवल्यावर तिथे बोटं जात नाहीत, आणि ती राहून जाते. दुसरा घोळ असा, की ग्राफिक कार्डाची आठ पिनांची केबल तिच्यासारखीच दिसते. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. खाचा वेगळ्या ठेवल्यामुळे एक दुसरीत सहज बसत नाही, पण ‘नवीन आहे, घट्ट असणार’ म्हणून जोर लावणारे महाभाग असतात.

केबलींचा विषय निघालाच आहे तर एक ताकीद इथेच देतो. सुट्या होणाऱ्या केबलींचा एसएमपीएस असेल, तर जुन्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नयेत, प्लग तंतोतंत बसला तरीही. डिस्क आणि बोर्डाकडच्या टोकाला मानक आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला नाही. तिथे प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, तारांची मांडणी वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, की डिस्क त्या क्षणी संपते आणि तिच्यातला मजकूरही.

बाकीची नेहमीची कारणं भरभर सांगून टाकतो, कारण त्यांचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहेच. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, आणि ‘खट्’ आवाज येईतो दाबायच्या असतात. नव्या बोर्डाला इतकं दाबायची बहुतेकांना भीती वाटते. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात लावली जाते. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्याच्यात ग्राफिक्स नसतंच, तेव्हा बोर्डाच्या पोर्टातून जन्मात काही दिसणार नाही. कॅबिनेटमधला एखादा पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकाखाली न येता भलत्याच जागी राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहण्याची रीत यासाठीच पडली. यातल्या एकाही गोष्टीत कुठला भाग खराब नसतो.

कधी कधी तर काहीच चुकलेलं नसतं. एएमडीचं एएम५ हे व्यासपीठ सप्टेंबर २०२२मध्ये आलं, सोबत डीडीआर५ रॅम सक्तीची झाली, आणि नव्या जोडणीच्या तक्रारींत एका नव्या प्रकाराची भर पडली. ही रॅम इतक्या वेगाने चालते, की बोर्डाला प्रत्येक रेषेवरच्या संकेताची वेळ तपासून, चाचपून जुळवावी लागते. पहिल्या खेपेला या चाचपणीला काही मिनिटं लागू शकतात. रॅम मोठी असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा, बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलेला. माणूस तिसाव्या सेकंदाला घाबरतो, बटण दाबून धरून संगणक बंद करतो, आणि चाचपणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असं चार वेळा केलं, की रॅम खराब असल्याची खात्री पटते. चहा करून प्यावा, परत यावं, मग संशय घ्यावा.

त्याहून चकवा देणारा प्रकार बायोसचा. बोर्ड नवा कोरा, प्रोसेसर नवा कोरा, दोघं एकमेकांना चालणारे असं खोक्यावर छापलेलं, आणि तरी डिस्प्ले नाही; कारण बोर्ड फळीवर पडून होता त्या महिन्यांत प्रोसेसर बाजारात आला आणि बोर्डातल्या बायोसला त्याचं नावही ठाऊक नाही. बायोस अद्ययावत करायला संगणक चालू व्हायला हवा, आणि तो चालू व्हायला बायोस अद्ययावत हवा. फेब्रुवारी २०१८मध्ये अंगभूत ग्राफिक्सचे नवे रायझेन आले तेव्हा या कोंडीत इतके लोक सापडले, की एएमडी गिऱ्हाइकांना बायोस बदलण्यापुरता एक जुना प्रोसेसर उसना पाठवू लागली. आता बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरून घेणारं बटण असतं. बोर्ड विकत घेताना मी तरी हे बटण आहे का ते आधी बघतो. रंगीत दिवे नंतर.

दिव्यांवरून आठवलं. १९८१च्या आयबीएम पीसीपासून संगणक स्वतःची तपासणी करून आवाजाने निकाल सांगत आला आहे : एकच छोटी ‘बीप’ म्हणजे सगळं ठीक, लांब-आखूड मिश्रण म्हणजे गडबड. कॅबिनेटसोबत येणारा तो चिमुकला स्पीकर आता बहुधा मिळत नाही. त्याची जागा बोर्डाच्या कडेच्या चार बारीक दिव्यांनी घेतली आहे : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. फार उपयोगी दिवे, आणि फार लोकांना फसवणारे. रॅमचा दिवा पेटून राहिला याचा अर्थ साखळी रॅमच्या टप्प्याशी थांबली. का थांबली, ते दिवा सांगत नाही. रॅमकडे जाणाऱ्या रेषा प्रोसेसरच्या तळातून निघतात. सॉकेटमधली केसाएवढी एक पिन वाकली असेल, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले असतील, तरी दिवा रॅमचाच पेटतो. मग बिचारी रॅम परत पाठवली जाते, नवी येते, तीही ‘खराब’ निघते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तो न्याय.

आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो, आणि पुष्कळदा संगणक चालूही होतो. जुन्या, दमट हवेत काळवंडलेल्या पट्टीला त्याचा खरोखर उपयोग असतो. कालच पाकिटातून काढलेल्या पट्टीवर मात्र पुसण्यासारखं काही नसतं. तिथे गुण येतो तो पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्याचा, आणि श्रेय खातो खोडरबर.

या सगळ्यावरून वाटेल, की नव्या संगणकात दोष नेहमी जोडणाऱ्याचा असतो. बहुतेकदा असतोच, पण नेहमी नव्हे. कारखान्याची चूक कशी सिद्ध करावी याचा एक नमुना मला फार आवडतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइस्ली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४ साली त्यांनी आपल्या संगणकांच्या ताफ्यात एक नवा पेंटियम घेतला, आणि जूनमध्ये उत्तरं जुळेनाशी झाली. त्यांनी पेंटियमवर ताबडतोब बोट ठेवलं नाही. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग कंपायलर, मग बोर्ड. एकेक शक्यता बाद करत ऑक्टोबर उजाडला. त्यांच्याजवळ जुनी ४८६ यंत्रं होती आणि तीच गणितं त्यांच्यावर बरोबर सुटत होती, हे त्यांचं मोठं बळ. शेवटी प्रोसेसरच्या भागाकाराच्या मंडलातच चूक आहे हे त्यांनी दाखवून दिलं. इंटेलने आधी टाळाटाळ केली आणि डिसेंबरात मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं, त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च तिने ताळेबंदात दाखवला. संशय सगळ्यांत शेवटी प्रोसेसरवर घ्यावा हा नियम नाइस्लींनी मोडला नाही, पाळला. म्हणूनच त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

नंतरही असं घडलं आहे. जानेवारी २०११मध्ये इंटेलने नुकत्याच आणलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये साटा पोर्ट हळूहळू कमजोर होण्याचा दोष मान्य केला आणि बोर्ड परत मागवले गेले. २०२४ साली इंटेलच्याच १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच झिजवत असल्याचं उघड झालं. ऑगस्टमध्ये बायोसमार्फत दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. त्याआधी कित्येक महिने लोक गेम बंद पडला म्हणून ग्राफिक कार्डाला आणि रॅमला दोष देत होते.

हा दुसरा प्रकार, म्हणजे संगणक सुरू होतो पण भरवशाचा नसतो, माझ्या मते ‘नो डिस्प्ले’पेक्षा कठीण आहे, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याला दिला आहे. अधूनमधून निळा पडदा, अचानक रीस्टार्ट, फाईल कॉपी करताना चूक. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि लोक नवा एसएमपीएस मागवतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. इथे पहिलं काम रॅमचा जाहिरातीतला वेग काढून टाकणं हे. खोक्यावर छापलेले ६००० हे बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेगवाढीचं सेटिंग चालू केल्यावरचे असतात, आणि तो वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा असू शकतो. रायझेन ७००० मालिकेला एएमडीने दोन पट्ट्यांसाठी ५२०० आणि चार पट्ट्यांसाठी ३६०० इतकाच वेग अधिकृतपणे दिला आहे. चार पट्ट्या ६०००वर न चालणं हा बिघाड नव्हे. साध्या वेगावरही रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम चुका दाखवत असेल, तेव्हा मात्र रॅमकडे वळायला हरकत नाही. पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. रॅम खरोखर खराब असते, याविषयी शंका नको. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली होती.

तापमानाबद्दल दोनच शब्द. रायझेन ७०००चे वरचे प्रोसेसर भर कामात ९५ अंशांपर्यंत जाणार असंच धरून बनवलेले आहेत, त्याला घाबरू नये. काहीच काम नसताना ९० दाखवत असेल, तर कूलर काढून त्याच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म सोलली होती का ते पाहावं.

इंग्रजी मार्गदर्शकांत न सापडणारं एक प्रकरण मी मुद्दाम घातलं आहे, ते आपल्या घरच्या विजेचं. जुन्या चाळीत, वाड्यात किंवा घाईत वायरिंग केलेल्या फ्लॅटमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थिंगची तार कुठेच गेलेली नसते. एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतले कपॅसिटर अशा वेळी कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून जीवावर बेतत नाही, पण हाताला झिणझिण्या येतात, हेडफोनमध्ये गुणगुण येते, यूएसबीची साधनं मध्येच तुटतात. भाग बदलून हे जाणार नाही; इलेक्ट्रिशियन बोलवावा लागेल. तसंच चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर काही आधुनिक एसएमपीएस वीज गेल्या क्षणी टिकत नाहीत. संगणक नवा, यूपीएस नवा, आणि दिवे जाताच दोन्ही बंद, अशा तक्रारीचं मूळ पुष्कळदा या जोडीत असतं.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. लॅपटॉप नाही. बोर्डावरचे भाग डाग देऊन बदलणं नाही. ते वेगळं कौशल्य आहे आणि पुस्तकावरून येत नाही. एसएमपीएसच्या आत काय आहे हेही नाही, आणि ते जाणूनबुजून. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असतं, प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतं. नव्या एसएमपीएसला वॉरंटी असते. त्याचे स्क्रू उघडायचं कुणालाच कारण नाही.

प्रकरणांचा क्रम मी साखळीच्या क्रमाने लावला आहे : आधी वीज, मग प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क, आणि शेवटी जे कधी होतं कधी होत नाही ते. तुमचा संगणक ज्या टप्प्याला अडला असेल त्याच्या एक प्रकरण आधीपासून वाचायला घ्या. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदला, ती कागदावर लिहा, आणि फरक पडला नाही तर ती मूळ जागी परत न्या.

आणि एक विनंती. पहिले काही महिने घरात अडचण झाली तरी खोकी रद्दीत देऊ नका. बिल, सीरियल नंबरचे स्टिकर आणि मदरबोर्डच्या सॉकेटवर आलेलं काळं प्लॅस्टिकचं झाकण त्याच खोक्यात ठेवा. प्रोसेसर काढून बोर्ड बदलायला पाठवायची वेळ आली, तर त्या झाकणाशिवाय सॉकेटच्या पिना वाटेत वाकतात, आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत सहसा घेतला जात नाही.